माता रमाईच्या कष्टांचा हिशोब



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. संपादक मंडळाने आम्हाला लेख मागितला तेव्हा आम्ही थोडे बिचकलोच. आमचं शिक्षण बेताचं. उमेदीची वर्षं गिरणीच्या साचाखात्यात गेली. वाचन जे काही झालं ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. पण विषय माता रमाईचा आहे म्हटल्यावर आम्हाला नाही म्हणवेना. चुकलंमाकलं पोटात घालावं.

दरवर्षी ७ फेब्रुवारीला जयंती आणि २७ मे रोजी स्मृतिदिन आपण विहारात साजरा करतो. रमाईच्या फोटोला हार घालतो, वंदना होते, दोनचार भाषणं होतात. मग गायन पार्टी फाटक्या लुगड्याचं गाणं उचलते आणि आयाबाया पदराने डोळे पुसतात. आम्हीही त्या भाषणं करणाऱ्यांपैकीच. पंचवीस-तीस वर्षं तेच बोलत आलो, त्यागमूर्ती, करुणेचा सागर वगैरे. पण अलीकडे मनात येतं की रमाईला आपण नुसती रडवणारी माता करून ठेवली का? गिरणी कामगाराला हिशोबाची सवय असते. किती पाळ्या भरल्या, किती खाडे झाले, हातात किती आले. म्हणून यंदा भाषण नको, हिशोब मांडू, असं आम्ही ठरवलं. आणि या लेखात आम्ही तिला ‘ती’च म्हणणार आहोत. आपल्या आईला कोणी अहोजाहो करत नाही.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ वणंद नावाचं गाव आहे, तिथला. वडील भिकू धुत्रे, आई रुक्मिणी. वडील दाभोळच्या बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात वाहून नेत. कोकणातला पाऊस, निसरड्या वाटा आणि डोक्यावरच्या टोपलीतून अंगावर निथळणारं पाणी. त्या मजुरीवर घर चालायचं. अशा घरात पोरवय ते कसलं! पाण्याला जा, लाकूडफाटा आण, पाठच्या भावंडांना सांभाळ. आधी आई गेली, मग थोड्या काळाने वडीलही गेले. ज्या वयात मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवते त्या वयात रमाई भावंडांची आई झाली. पुढे काका आणि मामांनी या पोरक्या लेकरांना मुंबईला आणलं, भायखळ्याला. आपल्यापैकी किती कुटुंबं अशीच कोकणातून, घाटावरून पोटासाठी मुंबईला आली! रमाईची वाटही तीच होती.

सुभेदार रामजी आंबेडकर त्यावेळी धाकट्या मुलासाठी, भीमरावांसाठी, मुलगी बघत होते. त्यांना भायखळ्यातली ही मुलगी पसंत पडली आणि १९०६ च्या सुमारास लग्न झालं. नवरदेव चौदा-पंधरा वर्षांचा, नवरी आठ-नऊ वर्षांची. लग्नाचा मांडव कुठला, तर भायखळ्याचा बाजार! दिवसभराची विक्री संपली, बाजार रिकामा झाला, तेव्हा रात्री तिथल्या छपराखाली लग्न लागलं. बाजारातले दगडी ओटे हीच पाहुण्यांची बैठक. खाली गटाराचं पाणी वाहतंय, वर मंगलकार्य चाललंय. सकाळी कोळणी टोपल्या घेऊन यायच्या आत वऱ्हाडाला जागा मोकळी करून द्यावी लागली. आज आपण हॉल बुक करतो, डीजे लावतो, कर्ज काढून लग्नं करतो. ज्यांच्या नावाने आपण जगतो त्या दोघांचं लग्न एका रात्रीच्या उसन्या जागेत झालं, एवढं तरी ध्यानात ठेवावं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. आपल्या समाजात तेव्हा ही केवढी मोठी गोष्ट! सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्यांना भेट दिलं. म्हणजे बघा, भगवान बुद्ध सुभेदारांच्या घरात पुस्तकाच्या रूपाने आले ते रमाई अजून परकराच्या वयात असताना. ही गोष्ट इथे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे तिचं काम आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची मदत दिली, त्यावर कॉलेज सुरू राहिलं. १२ डिसेंबर १९१२ ला यशवंतराव जन्मले, आपले भैय्यासाहेब. लगेच २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी वारले. घराचा आधारच गेला. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला पोहोचले.

इथून आमचा हिशोब सुरू होतो. जुलै १९१३ ला रमाईचं वय काय होतं? पंधरा वर्षं. मांडीवर सात महिन्यांचं लेकरू. सासऱ्याचं छत्र पाच महिन्यांपूर्वी गेलेलं. नवरा सातासमुद्रापलीकडे, पत्र यायला आठवडेच्या आठवडे. आपल्या घरातली पंधरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणा. दहावीच्या क्लासला जाते, आपण तिला चहाचा कप उचलू देत नाही. त्या वयात ही बाई परळच्या चाळीत एका घराचा भार घेऊन उभी होती.

बाबासाहेब १९१७ च्या ऑगस्टमध्ये परत आले. म्हणजे चार वर्षं. पुढे जुलै १९२० मध्ये ते लंडनला गेले ते एप्रिल १९२३ ला आले. म्हणजे पावणेतीन वर्षं. बेरीज करा, जवळजवळ सात वर्षं. त्यानंतर गोलमेज परिषदांसाठी १९३० पासून पुन्हा लंडनच्या वाऱ्या झाल्या, त्यांचे महिने वेगळेच. एकोणतीस वर्षांच्या संसारातली ही वर्षं तिने एकटीने काढली. आणि नवरा इथे असला तरी तो एकटा तिचा कुठे होता? तो पुस्तकांचा आणि समाजाचा होता.

त्या दिवसांत रमाईने शेणाच्या गोवऱ्या थापल्या, सरपण गोळा केलं, अर्धपोटी राहिली, हे आपल्या आज्यांच्या तोंडून आपण ऐकत आलो. पण चाळीत तिने हात पसरल्याची गोष्ट कुणी सांगत नाही. मोठ्या साहेबाची बायको आणि गोवऱ्या थापते, असं लोक म्हणतील म्हणून ती माणसांची नजर चुकवून जायची, असंही जुनी माणसं सांगत. गरिबी सोसणं एक आणि गरिबीत नवऱ्याचं नाव सांभाळणं दुसरं. रमाईने दोन्ही केलं.

लेकरांचं दुःख तर लिहितानाही हात अडतो. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी पाच मुलं झाली. पाचातली चार गेली. शेवटचा राजरत्न, बाबासाहेबांचा फार लाडका. तो जुलै १९२६ मध्ये गेला. त्या दुःखाने बाबासाहेब किती खचले हे त्यांच्या पत्रावरून आपल्याला कळतं, कारण त्यांच्या हातात लेखणी होती. रमाईने पत्र लिहिलं नाही. तिचं दुःख चुलीपाशी राहिलं. चार पाळणे रिकामे झालेल्या त्या माऊलीने पुढे हजारोंना आपली लेकरं मानलं असं आपण भाषणात म्हणतो. ते वाक्य म्हणायला सोपं आहे. त्याची किंमत चार मुलं आहे.

आता पैशांचा हिशोब. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळात हा पगार म्हणजे चैनच! पण चैन झाली नाही. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं होतं. म्हणून पगारातली ठरावीक रक्कम रमाईच्या हातात आणि बाकीची शिल्लक टाकायची. राहणं मात्र त्याच परळच्या बी.आय.टी. चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, समोरासमोरच्या दोन खोल्यांत. एकीत सगळा संसार, दुसरीत बाबासाहेबांची पुस्तकं आणि अभ्यास. घरात थोरल्या दिरांच्या माघारी लक्ष्मीबाई आणि मुकुंदही होते. एवढ्या माणसांचं घर त्या ठरावीक रकमेत तिने चालवलं. शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत झाली, हे खरंच आहे आणि ते उपकार विसरायचे नाहीत. पण लंडनच्या तिकिटात रमाईच्या चुलीवरची बचतही होती, ती कुणी मोजत नाही.

लंडनला बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर मोठा प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये त्यावर डी.एस्सी. मिळाली, बॅरिस्टरीही झाली. आम्हाला त्या ग्रंथातलं फारसं कळत नाही. पण एवढं कळतं की साहेब लंडनला रुपयाचा प्रश्न सोडवत होते तेव्हा परळला रमाईही रोज रुपयाचाच प्रश्न सोडवत होती. तिला पदवी कोणी दिली नाही.

फेट्याची गोष्ट तुम्ही गाण्यात ऐकली असेल. बाबासाहेबांच्या सत्काराला जायचं, अंगावर धड लुगडं नाही, तेव्हा शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला फेटा लुगड्यासारखा नेसून माऊली गेली, अशी ती गोष्ट. गाणं ऐकून आपण रडतो. आम्ही म्हणतो, रडा, पण त्यातली तिची हुशारीही बघा. अडचण आली म्हणून ती घरात बसून राहिली नाही. दुसरी गोष्ट धारवाडची. तब्येतीला हवापालट म्हणून बाबासाहेबांनी तिला तिकडे नेलं होतं. तिथे वराळे काका आपल्या समाजातल्या मुलांचं बोर्डिंग चालवत. एकदा बोर्डिंगातलं धान्य संपलं, मुलं उपाशी राहिली, हे कळताच रमाईने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, असं सांगतात. अर्धपोटी दिवस काढलेली बाई पोरांचं उपाशी तोंड बरोबर ओळखते.

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. १९२७ मध्ये महाडचा चवदार तळ्याचा संग्राम झाला, त्याच वर्षी बहिष्कृत भारत निघालं, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. १९३२ ला पुणे करार झाला. त्या दिवसांत बाबासाहेबांना जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत. हे सगळं आपण इतिहास म्हणून वाचतो. पण त्या प्रत्येक दिवशी घरात एक बाई होती. माणूस घराबाहेर पडला की तो धड परत येईल का, या काळजीने ती दार बघत बसे.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपण विहारात जरा दबकत सांगतो. रमाईची विठ्ठलावर श्रद्धा होती. पंढरपूरला जाऊन दर्शन घ्यावं अशी तिची इच्छा होती आणि तिने ती बाबासाहेबांना बोलूनही दाखवली होती. बाबासाहेबांनी तिची समजूत घातली. जिथे आपल्या माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवतात, चोखोबाची समाधीसुद्धा पायरीपाशीच आहे, तिथे जाऊन लाचार होण्यापेक्षा आपण आपलं दुसरं पंढरपूर उभं करू, अशा अर्थाचं ते बोलले. पंढरपूरच्या देवळाचे दरवाजे आपल्यासाठी उघडले ते १९४७ ला, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. रमाई त्याच्या बारा वर्षं आधीच गेली होती. म्हणजे ती गेली असती तरी तिला लांबूनच हात जोडावे लागले असते.

काही तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात की रमाई तर बौद्ध नव्हत्या, मग त्यांचा फोटो विहारात कसा? प्रश्न खोटा नाही. तिने दीक्षा घेतली नाही, घेणार तरी कशी? तिचा अंत्यविधीही जुन्या रीतीनेच झाला. पण आम्ही मघाशी केळुसकर गुरुजींच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. बीज घरात पडलं १९०७ ला आणि वृक्ष उभा राहिला नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधल्या एकूणपन्नास वर्षांतली निम्म्याहून अधिक वर्षं त्या रोपाला पाणी कोणी घातलं? जिने घातलं तिला सावलीत बसायला मिळालं नाही, म्हणून ती परकी होते का? आपल्या विहारात वंदनेला बसणाऱ्या म्हाताऱ्या आयांच्याही आया अशाच देव्हारे पुजत गेल्या. त्यांना आपण टाकून द्यायचं का? रमाईचा फोटो तिथे आहे तो त्या सगळ्यांचाही आहे असं आम्ही समजतो.

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं, राजगृह. बुद्धाच्या काळच्या मगधाच्या राजधानीचं नाव. चाळीतल्या दोन खोल्यांत जन्म काढलेल्या रमाईला अखेर मोठं घर मिळालं. पण तोवर शरीर पार झिजलं होतं. सुखाचे दिवस आले तेव्हा ती अंथरुणाला खिळली. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच तिने प्राण सोडला. वय सदतीस. सदतीस म्हणजे काय हो? आजच्या हिशोबाने पोरच! अंत्ययात्रेला दहा हजारांहून जास्त माणसं होती. बाबासाहेबांनी मुंडण केलं, भगवी वस्त्रं घातली, कित्येक दिवस कोणाशी बोलले नाहीत. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. १९४० च्या शेवटी पाकिस्तानवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी आपल्या रामूला अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचं निर्मळ चारित्र्य आणि कुणी मित्र नसलेल्या, हलाखीच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर जे शांतपणे सोसलं, त्याची नोंद त्यांनी त्या पानावर केली. म्हणजे हिशोब आम्हीच पहिल्यांदा मांडतोय असं नाही. बाबासाहेबांनी तो आधीच मांडून, आपलं देणं कबूल करून ठेवलंय.

आज मुंबईत घाटकोपरला तिच्या नावाची वस्ती आहे. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध उतरलेल्या आपल्या दहा माणसांचे तिथे गोळीबारात जीव गेले. सरकारच्या घरकुल योजनेलाही रमाईचं नाव आहे. जिला आयुष्यभर धड घर मिळालं नाही तिच्या नावाने लोकांना घरं मिळतात, हे बरंच आहे. पण आपल्या स्वतःच्या घरात काय चाललंय?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात आमचे वडील. ते सभांना जायचे, मोर्चाला जायचे. आईने नाक्यावर भाजीची पाटी लावली. गळ्यातले मणी सावकाराकडे गेले ते परत आले नाहीत. संपावर पुस्तकं निघाली, पुढाऱ्यांची नावं छापली गेली. आमच्या आईची पाटी कुठल्या पुस्तकात आहे? पुढे आम्ही बदली म्हणून गिरणीत लागलो आणि चळवळीतही पडलो. सभा, जयंती, मोर्चे, रात्री बारा-बारा वाजता घरी यायचं. आमच्या मंडळी ताट झाकून जाग्या असायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा दोन वर्षं घर त्यांच्या मसाला दळण्या-विकण्यावर चाललं. आणि आम्ही मात्र व्यासपीठावर रमाईच्या त्यागावर बोलून टाळ्या घेत होतो! एकदा भाषण करून घरी आलो आणि जेवणाला मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. ते आज इथे लिहून कबूल करतो.

या स्मरणिकेसाठी विहाराच्या जुन्या कार्यकर्त्यांची यादी काढायला बसलो. एकूण एक पुरुष. तिथे बसलेल्या एका आजीने विचारलं की विहाराचं बांधकाम चाललं तेव्हा विटा वाहणाऱ्या, दर पौर्णिमेला फरशी पुसणाऱ्या, खिरीचं पातेलं घासणाऱ्या बायकांची नावं कुठं आहेत. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो.

म्हणून आमची विहार समितीला विनंती आहे की एक वही घालावी. विहाराची नव्हे, वस्तीची. प्रत्येक घराने आपल्या आईचं, आजीचं नाव, गाव आणि तिने काय काम केलं एवढं त्यात लिहून द्यावं. पुढच्या २७ मेला हार घालायच्या आधी ती नावं विहारात वाचून दाखवावीत. आमच्या आईचं नाव आम्ही लिहिलंय आणि खालच्या ओळीत आमच्या मंडळींचं. रमाईचा हिशोब पुरा करणं आपल्या कुणाच्या हातात नाही. पण निदान आपल्या घरातली थकबाकी तरी फेडायला सुरुवात करू.

माता रमाईच्या स्मृतीस आमचं विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!